तीन वर्षं ठोकळ्यांवर

मंडळी, या वीकांताचा विषय आहे उभी गाडी. चालवायची नाही, नुसती सांभाळायची.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या पार्किंगमधल्या कितीतरी गाड्यांनी महिना-दीड महिन्यात मान टाकली. तेव्हापासून मला ब्रिटनमधल्या एका जुन्या प्रकरणाचं कुतूहल आहे. तिथे लोकांनी गाड्या तब्बल तीन वर्षं झाकून ठेवल्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच नंतर चालल्यासुद्धा!

झालं असं, की सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि त्याच महिन्यात पेट्रोलचं रेशनिंग आलं. तरी खाजगी गाडीवाल्याला थोडंफार मिळायचं. पुढे जपानने मलाया घेतलं, म्हणजे रबर गेलं. पेट्रोल आणणारी जहाजं जर्मन पाणबुड्या बुडवत होत्याच. शेवटी जुलै १९४२ पासून हा थोडाफार कोटाही बंद. डॉक्टर, युद्धाच्या कामातली माणसं वगैरे सोडली तर बाकीच्यांनी गाडी लावून ठेवायची. किती दिवस? ते कोणालाच माहीत नव्हतं.

मग गाडी निजवण्याचे सोपस्कार सुरू झाले. आधी जॅक लावून गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवायची, म्हणजे टायरवर भार नको. नवा टायर मिळणार कुठून? रेडिएटरमधलं पाणी काढून टाकायचं, नाहीतर थंडीत त्याचा बर्फ होऊन इंजिनचा ब्लॉक तडकायचा. पेट्रोल काढायचं, कारण ते उडून जाताना कार्ब्युरेटरमध्ये चिकट राळ सोडून जातं. स्पार्क प्लग काढून त्या भोकांतून थोडं तेल ओतायचं आणि अधूनमधून हँडलने इंजिन फिरवायचं, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटत नाहीत. क्लचचं पेडल फळकुटाने दाबून ठेवायचं. बॅटरी काढून चार्जिंगला द्यायची.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बॅटरी मेली तरी फार बिघडत नसे. हँडल मारलं की गाडी चालू! आणि निजलेली गाडी खरोखरच निजायची.

आपल्या गाडीला झोपच नाही. सेंट्रल लॉकिंग, अलार्म, निरनिराळे कंट्रोलर असं सगळं बॅकग्राउंडला चालूच असतं. समजा ३० मिलिअँपिअर खातंय. दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर झाले. छोट्या गाडीची ३५ची बॅटरी असेल तर साधारण चोवीस दिवसांत निम्मी रिकामी! लेड-अ‍ॅसिड बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग चार्जिंग करूनही ती पहिल्यासारखी होत नाही.

यावर लोकांचा आवडता उपाय म्हणजे रोज खाली जाऊन पाच मिनिटं इंजिन चालू ठेवणं. माझ्या मते हा शुद्ध वेडेपणा. स्टार्टरने खाल्लेली वीजही धड भरून निघेलच असं नाही, वर अर्धवट तापलेल्या सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. आठवड्यातून अर्धा तास नीट चालवा, नाहीतर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून ठेवा. टायरमध्ये हवा पुरेशी ठेवा. जागा सपाट असेल तर हँडब्रेकऐवजी गिअर आणि चाकाखाली वीट, म्हणजे ब्रेक चिकटणार नाहीत.

असो. तिकडे जून १९४५ मध्ये कोटा परत सुरू झाला, गाड्या ठोकळ्यांवरून उतरल्या. आणि १९४७ च्या अखेरीस, परकीय चलनाच्या टंचाईपायी, सरकारने तो पुन्हा काढून घेतला! म्हणजे ठोकळे परत बाहेर. जून १९४८ मध्ये थोडं पेट्रोल मिळू लागलं खरं, पण रेशनिंग पूर्ण संपायला मे १९५० उजाडला.