ढील किती द्यावी?

पतंग उडवणाऱ्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही, की वारा जोराचा आला की मांजा ताणून धरायचा नसतो, ढील द्यायची असते. ढील द्यायची तर फिरकीवर मांजा भरपूर हवा. खोल समुद्रात गळाने मोठा मासा पकडणाऱ्यांना हीच गोष्ट नीट उमगायला बरीच वर्षे लागली. त्यांच्या फिरकीला रीळ म्हणतात. ते रीळ केवढे असावे, या साध्या प्रश्नामागे एक चांगलाच रंजक इतिहास आहे.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर कॅटलिना नावाचे बेट आहे. 1886 मध्ये चार्ल्स फ्रेडरिक होल्डर हे निसर्गअभ्यासक तिथे गेले, तेव्हा लोक जाड दोऱ्या टाकून ढिगाने मासे ओढत होते आणि बरेचसे वाया जात होते. होल्डरना ते रुचले नाही. 1898 च्या जूनमध्ये त्यांनी काठी आणि रीळ वापरून 183 पौंडांचा ब्लूफिन ट्यूना (आपल्याकडच्या कुप्याचा थोरला भाऊबंदच म्हणा) पकडला आणि त्याच वर्षी अॅव्हलॉन गावात ट्यूना क्लब स्थापन केला. क्लबचा आग्रह असा की माशालाही सुटण्याची संधी मिळाली पाहिजे. म्हणून दोरीवर बंधन आले. तेव्हा दोरी तागासारख्या लिनन धाग्यांची असे आणि एकेक धागा ओला असताना साधारण 3 पौंड ताण सोसे. जड साधनांसाठी 24 धागे, हलक्या साधनांसाठी 9 आणि पुढे तर फक्त 6 धाग्यांचाही वर्ग निघाला. दोरी जितकी बारीक, तितका मान मोठा!

पण रिळाचे काय? त्या काळच्या रिळाची मूठ थेट चाकाला जोडलेली असे. मासा पळाला की मूठ उलटी गरगर फिरे आणि बोटे सडकून निघत. त्या रिळांचे टोपणनावच 'नकलबस्टर', म्हणजे बोटांची पेरे फोडणारे, असे पडले. ब्रेक म्हणून एक चामड्याचा तुकडा. तो अंगठ्याने दोरीवर दाबून धरायचा. म्हणजे सारी भिस्त अंगठ्यावर.

विल्यम बॉशन या मासेमाराने यावर तोड सुचवली आणि ब्रुकलिनच्या ज्युलियस व्हॉम हॉफ यांनी तसे रीळ घडवले. मुठीजवळ चांदणीच्या आकाराचे एक चाक. ते फिरवून आतल्या चकत्यांचा दाब कमीजास्त करायचा. आता मासा पळाला तरी मूठ स्थिर राहते, दोरी मात्र ठरलेल्या ताणाने सुटत जाते. 1913 मध्ये बॉशननी साडेतीनशे पौंडांहून मोठा स्वोर्डफिश पकडला. काठी-रिळावर पकडलेला तो पहिला स्वोर्डफिश मानतात.

ब्रेक सुधारला, आणि मग आकाराचे महत्त्व ध्यानात आले. वाचकहो, इथे शाळेतले थोडे गणित लागेल. समजा, भरलेल्या रिळावर ब्रेक 40 पौंडांना लावला आहे. मासा दोरी घेऊन धावला, गुंडाळीचा व्यास निम्मा झाला. ब्रेकला कोणी हात लावला नाही, तरी दोरीवरचा ताण आता 80 पौंड झालेला असतो, कारण तीच रोध करणारी शक्ती आता निम्म्या त्रिज्येवर काम करते. शिवाय पाण्यातून ओढल्या जाणाऱ्या लांब दोरीचा भार वेगळाच. म्हणजे मासा जितका दूर, तितका ब्रेक सैल करायला हवा. घाबरलेला माणूस नेमका तो आवळतो! मोठ्या रिळावर मात्र तेवढीच दोरी गेली तरी व्यास थोडाच घटतो. मोठे रीळ घ्यायचे ते एवढ्यासाठी. पण फार मोठे घेतले तर वजन पेलत नाही, अंगाला पट्टे बांधून खुर्चीत बसावे लागते.

रिळांना 4/0, 6/0, 9/0 असे आकडे असत, पण एका कारखान्याचे माप दुसऱ्याशी जुळेलच असे नाही. 1939 साली न्यूयॉर्कमध्ये मायकेल लर्नर यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि विक्रमांची नोंद दोरीच्या ताकदीनुसार होऊ लागली. पुढे रिळांवरही 30, 50, 80, 130 असे दोरीच्या पौंडांचे आकडे आले. 1953 मध्ये पेरू देशातल्या काबो ब्लांकोपाशी आल्फ्रेड ग्लासेल यांनी 1560 पौंडांचा ब्लॅक मार्लिन पकडला. तो विक्रम अजून मोडलेला नाही. 1990 नंतर अतिशय बारीक पण चिवट विणलेली दोरी आली आणि लहान रिळावरही मोठ्याइतकी दोरी मावू लागली.

हे वाचताना मला हेमिंग्वेचा म्हातारा सांतियागो आठवत राहिला. पु. लं.नी 'एका कोळियाने' म्हणून त्याला मराठीत आणले. त्याच्याकडे रीळ नाहीच. दोरी पाठीवरून आणि तळहातांतून जाते. ब्रेक तोच, रीळही तोच. ढील किती द्यायची हे त्याचे सोललेले हात ठरवतात. त्याला त्यावर पोट भरायचे होते. क्लबातल्या मंडळींना तसे नव्हते, म्हणून त्यांना नियमांची गरज पडली.

आणि त्या नियमांचा अर्थही आता पालटला आहे. पूर्वी बारीक दोरी आणि लहान रीळ म्हणजे माशाशी उदारपणा. आज बरेच जण मासा पकडून पुन्हा सोडून देतात. लहान साधनावर तासन्‌तास झुंजवलेला मासा इतका थकतो, की सोडल्यावरही मरू शकतो. त्यामुळे आता जड दोरी आणि मोठे रीळ घेऊन झुंज लवकर संपवणे, हीच दया ठरते. होल्डरचा हेतू तोच राहिला, साधन मात्र उलटे झाले.

मुलांना इतिहास शिकवताना मी सांगत असे, की जुन्या माणसांचा नियम पाहण्याआधी त्यांना काय वाचवायचे होते ते पाहावे. नियमाला घट्ट धरून बसलो, तर ज्याच्यासाठी तो केला तेच हातून निसटते. कधी आवळायचे आणि कधी सोडायचे हे कळणे अवघड, मग ती दोरी असो नाहीतर परंपरा.