गावकर, कुळाचारी आणि मुक्त सॉफ्टवेअर

मुळगावची केळबाई ही शिरगावच्या लईराईची आणि मयेच्या महामायेची बहीण मानली जाते. या भावंडांची लोककथा सांगते की, ती सारी दुसऱ्या मुलखातून आली आणि मग एकेका गावी स्थिरावली. ‘मूळचे’ आणि ‘मागाहून आलेले’ हा भेद आपल्या भागात मोठ्या निगुतीने जपला जातो, पण ग्रामदेवता स्वतःच कधीकाळी नवागत होती. सावंतवाडीच्या बाजूने येऊन डिचोली-पेडण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घराण्यांना यात थोडे समाधान वाटल्यास नवल नाही.

हा जुना भेद आम्ही येथे काढला तो एका नव्या विषयाच्या निमित्ताने. ज्याची घडण कोणालाही पाहता येते, बदलता येते आणि पुढे वाटता येते अशा सॉफ्टवेअरला मुक्तस्रोत म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चा गाभा लोकांपुढे ठेवला. आज जगाच्या संगणकव्यवहाराचा मोठा भाग अशा सामाईक कामावर उभा आहे आणि त्यातले कितीतरी काम कोणताही मोबदला न घेता झालेले आहे. अशा कामाला माणसे मिळतात कशी, आणि मिळालेली टिकतात कशी? गोव्याच्या गावकरीचा इतिहास डोळ्यांपुढे ठेवला तर या प्रश्नाचे काही पैलू अधिक स्पष्ट दिसतात, असे आम्हांस वाटते.

गावकरी, म्हणजे पोर्तुगीजांच्या भाषेत कोमुनिदाद, ही संस्था त्यांच्या राजवटीपेक्षा जुनी. तिसवाडीतील गावकरींच्या चालीरीती १५२६ साली फोराल नावाच्या सनदेत नोंदविल्या गेल्या. डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीज अमलाखाली कायमचे गेले. जमीन गावाच्या सामाईक मालकीची. ती लिलावाने कसायला द्यायची, येणाऱ्या खंडातून गावाचे खर्च भागवायचे आणि उरलेले उत्पन्न गावकरांत वाटायचे, ही स्थूल रीत. खाड्यांलगतच्या गावांत या खर्चातली मोठी बाब म्हणजे खाजन जमिनीचे बांध आणि पाण्याची आवक-जावक राखणारी मानशीची दारे. बांध एका ठिकाणी फुटला तरी खारे पाणी सर्वांच्याच शेतात शिरते आणि जमीन पुढील काही हंगाम नापीक होते. त्यामुळे बांधाची देखरेख हा दानधर्म नव्हता, तो प्रत्येकाच्या पोटाचा प्रश्न होता. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये माणूस पहिल्यांदा हात घालतो तोही बहुधा याच कारणाने. त्याला स्वतःला कोठेतरी अडलेले असते. परोपकाराची भाषा मागाहून येते.

पण गावकरीत वाटा कोणाला? मूळ कुळांतील पुरुष वंशजांना. बाहेरून येऊन वसलेल्या, गावाची काही सेवा पत्करलेल्या मंडळींना काही गावांत ‘कुळाचारी’ म्हणून मर्यादित हक्क मिळत. बाकीचे केवळ रहिवासी. गावकरीचे बळ आणि तिचा दोष एकाच ठिकाणी होता. प्रत्येकजण दुसऱ्याला तीन पिढ्यांपासून ओळखत असे, म्हणून विश्वास होता. आणि विश्वास जन्मावर टेकलेला असल्यामुळे नव्या माणसाला, तो कितीही कष्टाळू असो, आत वाट नव्हती.

मुक्त सॉफ्टवेअरला कुळाची अट नाही. दार सताड उघडे असते. तरीही उंबऱ्यापर्यंत येऊन परत जाणाऱ्यांची संख्या तेथे थोडीथोडकी नसते. कारण दार उघडे असले तरी ओसरीवर कोणी बसलेले नसते. आपण पाठविलेली दुरुस्ती कोणी पाहिली की नाही हेच महिनोन्‌महिने कळले नाही, तर माणूस दुसऱ्यांदा कशाला येईल?

ही अडचण संगणकाच्या आधीची आहे. इंग्रजीच्या ऑक्सफर्ड कोशाची कल्पना १८५७ साली लंडनच्या भाषाशास्त्र मंडळात निघाली आणि स्वयंसेवक वाचकांकडून शब्दांची अवतरणे मागविण्यात आली. उत्साह मोठा, व्यवस्था तोकडी. १८७९ साली जेम्स मरे यांनी संपादकत्व स्वीकारले तेव्हा त्यांच्या हाती चिठ्ठ्यांनी भरलेली पोती आली आणि त्यांतल्या एकात उंदरांनी संसार थाटला होता. मरे यांनी नवे आवाहन काढले. त्यात नुसती मदतीची हाक नव्हती. कोणते ग्रंथ वाचायचे राहिले आहेत, कोणते शब्द टिपायचे, चिठ्ठीवर कोठे काय लिहायचे, हे सारे सांगितले होते. आलेल्या पत्रांना ते स्वतः उत्तरे लिहीत. काम एका बैठकीत संपेल एवढे लहान करून देणे आणि आलेल्या माणसाला उत्तर देणे, या दोन गोष्टींनी तो कोश १९२८ साली पुरा झाला. मरे मात्र १९१५ सालीच वारले होते. आजचे जाणते प्रकल्पही नवागतांसाठी काही सोपी कामे मुद्दाम राखून ठेवतात. अनुभवी माणसाला ते काम पाच मिनिटांचे असते. तरी तो त्याला हात लावत नाही. हा संयम आम्हांस विशेष वाटतो.

मराठीचा यात काय संबंध, असे कोणी विचारील. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यांतला फरक न समजता संगणकाला देवनागरी शिकविली तर व्याख्यानाच्या वेळी स्वयंपाकी हजर व्हायचा. हा अर्धा र, मराठी वळणाचे ल आणि श, ‘ॲ’ हे अक्षर, यांची चूक परभाषी तंत्रज्ञाला दिसत नाही. निवृत्त शाळामास्तराला ती खड्यासारखी लागते. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. म्हणजे या कामाला केवळ आज्ञावली लिहिणारेच हवे असतात असे नाही. शुद्धलेखन जाणणारी, जुने शब्द आठवणारी माणसेही तितकीच हवी असतात. आपल्या घराण्यांत ती आहेत. पण त्यांना आजवर कोणी विचारलेले नाही.

जेथे विचारले गेले तेथे ती आलीही. डॉ. केतकरांना ज्ञानकोशासाठी कंपनी काढून भागभांडवल जमवावे लागले होते. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया भांडवलाविना, स्वयंसेवकांच्या हातांनी वाढला. तेथील दोन नावे आम्हांस फार समर्पक वाटतात. नवख्याने बिनधास्त लिहून पुसावे अशा जागेला ‘धूळपाटी’ म्हणतात आणि शंका विचारायच्या जागेला ‘चावडी’. चुकण्याची मुभा आणि विचारण्याची जागा, दोन्ही घरच्या शब्दांत.

तथापि माणसे येतात म्हणून सांभाळणाऱ्यांचे ओझे हलके होतेच असे नाही. जगभरच्या व्यवहारांची गुप्तता राखणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या सॉफ्टवेअरमध्ये २०१४ साली गंभीर दोष सापडला. त्याला वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर एवढ्याच देणग्या मिळत आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता, हे तेव्हा जगाला कळले. बांध सर्वांचा आणि राखणदार एकटा, अशी ती स्थिती होती.

२०२४ साली उघडकीस आलेली ‘एक्सझेड’ची घटना याहून बोलकी आहे. थकलेल्या एकट्या सांभाळणाऱ्याच्या मदतीला एक अनोळखी स्वयंसेवक आला. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने नेटके काम केले, विश्वास संपादन केला आणि अखेर त्या सॉफ्टवेअरमध्ये चोरवाट ठेवली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर जाणवला, तो त्याच्या मागे लागला, म्हणून ती सापडली. असे काही वाचले की गावकरांच्या बंद दाराची आठवण होते, हे आम्ही नाकारत नाही. पण त्या दाराने चोर किती अडले ते सांगता येत नाही. कष्टाळू माणसे मात्र नक्कीच अडली. शिवाय ‘एक्सझेड’मध्ये घात झाला तो परका आत आला म्हणून झाला, असे आम्हांस वाटत नाही. त्याच्या कामाकडे पाहणारा दुसरा डोळा तेथे उरला नव्हता.

आम्हांस गावकरीतला कुळाचारी अधिक विचार करण्याजोगा वाटतो. गावाने त्याला आत घेतले ते त्याच्या सेवेमुळे, आणि बेताने घेतले. फक्त त्याची पायरी तेथेच गोठली. पुढे चढण्याची सोय नव्हती. लिनक्सच्या गाभ्यात ती आहे. नवागताची दुरुस्ती थेट आत जात नाही. त्या त्या विभागाचा सांभाळणारा ती तपासतो, मग वरचा. जो वर्षानुवर्षे नीट काम करतो त्याच्याकडे एखादा विभाग सोपविला जातो. २००४ सालापासून दुरुस्ती लिहिणारा आणि ती पुढे नेणारा प्रत्येकजण तिच्याखाली आपले नाव घालतो, गावकरीच्या कुलकर्ण्याने ठराव लिहावा आणि खाली उपस्थितांनी सह्या कराव्यात तसे. त्या नावांत पहिले नाव मूळ लेखकाचे असते. मग त्याने एकच ओळ लिहिलेली असो, आणि तो कोठूनही आलेला असो.