लघुउद्योगांची स्पर्धात्मक व्यूहरचना

लघुउद्योगांची स्पर्धात्मक व्यूहरचना म्हणजे भांडवल, मनुष्यबळ व उत्पादनक्षमता मर्यादित असलेल्या उद्योगाने मोठ्या उद्योगांच्या स्पर्धेत टिकून राहण्यासाठी व वाढण्यासाठी आखलेले दीर्घकालीन धोरण होय. मोठा उद्योग घाऊक खरेदी, मोठ्या प्रमाणावरील उत्पादन, देशव्यापी वितरण व जाहिरात यांच्या बळावर दर नगामागील खर्च कमी ठेवतो. लघुउद्योगाला या मार्गाने बरोबरी साधणे सहसा शक्य नसते. त्यामुळे त्याला उत्पादन, वेष्टन, वितरण किंवा कामाची मांडणी यांत नवोन्मेष घडवावा लागतो, किंवा मोठ्या उद्योगांनी दुर्लक्षिलेला ग्राहकवर्ग शोधावा लागतो. भारतात निरमा, चिक शाम्पू व लिज्जत पापड ही या व्यूहरचनेची सुपरिचित उदाहरणे आहेत.

व्याख्या व वर्गीकरण

भारतात लघुउद्योगाची कायदेशीर व्याख्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ या कायद्यानुसार ठरते. यंत्रसामग्रीतील गुंतवणूक आणि वार्षिक उलाढाल हे वर्गीकरणाचे दोन निकष आहेत. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या मर्यादा पुढीलप्रमाणे आहेत:

• सूक्ष्म उद्योग – गुंतवणूक २.५ कोटी रुपयांपर्यंत व उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत
• लघुउद्योग – गुंतवणूक २५ कोटी रुपयांपर्यंत व उलाढाल १०० कोटी रुपयांपर्यंत
• मध्यम उद्योग – गुंतवणूक १२५ कोटी रुपयांपर्यंत व उलाढाल ५०० कोटी रुपयांपर्यंत

व्यवहारात ‘लघुउद्योग’ हा शब्द सूक्ष्म व लघु अशा दोन्ही वर्गांसाठी वापरला जातो. या लेखातही तो त्याच व्यापक अर्थाने आला आहे.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्योत्तर काळात भारत सरकारने लघुउद्योगांना स्पर्धेपासून संरक्षण देण्याचे धोरण स्वीकारले. १९६७ मध्ये ४७ वस्तूंचे उत्पादन केवळ लघुउद्योगांसाठी राखीव ठेवण्यात आले. पुढे ही यादी वाढत जाऊन त्यात आठशेहून अधिक वस्तूंचा समावेश झाला. राखीव वस्तूंच्या क्षेत्रात मोठ्या उद्योगांची स्पर्धा नव्हती, परंतु गुंतवणुकीची मर्यादा ओलांडली की संरक्षण संपत असल्याने कारखाना लहानच ठेवण्याकडे उद्योजकांचा कल राहिला. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर ही यादी टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आली आणि एप्रिल २०१५ मध्ये उरलेल्या २० वस्तूंचे आरक्षणही रद्द झाले. तेव्हापासून भारतातील लघुउद्योगाला देशी मोठ्या कंपन्या व आयात माल या दोहोंशी खुल्या बाजारात स्पर्धा करावी लागते.

सैद्धांतिक आधार

ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुम्पीटर यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्थिक विकासावरील ग्रंथात उद्योजकाचे कार्य ‘नवी संयोजने’ घडवणे हे असल्याचे प्रतिपादन केले. नवी वस्तू, नवी उत्पादनपद्धती, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत आणि उद्योगाची नवी संघटना असे त्यांचे पाच प्रकार त्यांनी सांगितले. नवोन्मेष म्हणजे केवळ प्रयोगशाळेतील शोध नव्हे, हा या मांडणीचा लघुउद्योगांच्या दृष्टीने महत्त्वाचा निष्कर्ष आहे. उरलेल्या चार प्रकारांसाठी मोठा संशोधन विभाग असावाच लागतो असे नाही.

इडिथ पेनरोझ यांनी १९५९ मध्ये उद्योगसंस्थेच्या वाढीचा सिद्धांत मांडताना लहान उद्योगांच्या अस्तित्वाचे वेगळे स्पष्टीकरण दिले. मोठ्या कंपनीची व्यवस्थापकीय क्षमताही मर्यादित असते, त्यामुळे वाढत्या अर्थव्यवस्थेत निर्माण होणाऱ्या सर्वच संधी ती घेऊ शकत नाही. अशा सुटलेल्या संधींच्या फटींत लहान उद्योग रुजतात.

मायकेल पोर्टर यांनी १९८० मध्ये स्पर्धेचे तीन मूलभूत मार्ग सांगितले: सर्वांत कमी खर्च, वेगळेपण आणि विशिष्ट ग्राहकवर्गावर लक्ष केंद्रित करणे. यांपैकी एकही मार्ग निश्चितपणे न निवडणारा उद्योग मध्येच अडकून पडतो, असा इशारा त्यांनी दिला. लघुउद्योगासाठी सामान्यतः तिसरा मार्ग सुचवला जातो.

व्यूहरचनेचे प्रमुख मार्ग

खर्चाची वेगळी रचना

मोठ्या उद्योगाचा खर्च ज्या बाबींवर होतो त्या बाबीच टाळल्या, तर लहान उद्योगही किमतीच्या स्पर्धेत उतरू शकतो. गुजरात सरकारच्या खाण व भूविज्ञान विभागात रसायनतज्ज्ञ असलेल्या करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये अहमदाबाद येथे घरच्या घरी कपडे धुण्याची पावडर तयार करण्यास सुरुवात केली. मुलगी निरुपमा हिच्या नावावरून त्यांनी पावडरीला ‘निरमा’ हे नाव दिले. प्रारंभी ते स्वतः सायकलवरून घरोघरी विक्री करीत. त्या वेळी या क्षेत्रात हिंदुस्तान लिव्हर कंपनीच्या ‘सर्फ’चे वर्चस्व होते, परंतु त्याची किंमत सामान्य कुटुंबाला परवडणारी नव्हती.

सर्फसारख्या पावडरीसाठी मोठी यंत्रसामग्री व इंधन लागे. निरमाची घटकद्रव्ये मात्र हाताने कोरडी मिसळली जात. यामुळे भांडवली खर्च व इंधनखर्च वाचला आणि लघुउद्योग म्हणून उत्पादन शुल्कातील सवलतीही मिळाल्या. निरमाची विक्रीची किंमत सर्फच्या तुलनेत कितीतरी कमी राहिली. ही पावडर हातांना काहीशी दाहक असे, तरी साबणाच्या वडीवरच कपडे धुणाऱ्या कोट्यवधी कुटुंबांनी ती स्वीकारली. निरमाने सर्फचे ग्राहक ओढण्यापेक्षा पावडर कधीच न वापरलेला वर्ग बाजारात आणला, असे तिच्या यशाचे विश्लेषण केले जाते. हिंदुस्तान लिव्हरला अखेर १९८० च्या दशकात ‘व्हील’ ही स्वस्त पावडर बाजारात आणून तिच्यासाठी उत्पादन व वितरणाची वेगळी व्यवस्था उभारावी लागली. निरमानेही पुढे सोडा ॲशसारख्या कच्च्या मालाचे उत्पादन स्वतः सुरू केले व ती मोठ्या उद्योगांत गणली जाऊ लागली.

वेष्टन व विक्रीच्या मापातील बदल

वस्तू तीच ठेवून तिच्या विक्रीचे माप बदलणे हाही नवोन्मेषच होय. तमिळनाडूतील कडलूर येथील चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू एकेका वापरापुरत्या लहान पुडीत, म्हणजे सॅशेत, विकण्याचा प्रयोग केला. त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये कौटुंबिक व्यवसायातून बाहेर पडून सुमारे १५,००० रुपये भांडवलावर स्वतंत्र उद्योग सुरू केला व वडिलांच्या नावावरून शाम्पूला ‘चिक’ हे नाव दिले. कोणत्याही शाम्पूच्या पाच रिकाम्या पुड्या परत देणाऱ्या ग्राहकाला चिकची एक पुडी मोफत देण्याची योजना त्यांनी राबवली. चिकचा खप वाढल्यावर केवळ चिकच्याच पुड्या स्वीकारण्यास सुरुवात केली. ग्रामीण भागात मुलांचे केस धुऊन दाखवण्याची प्रात्यक्षिकेही घेतली. १९९९ मध्ये पुडीची किंमत ५० पैशांपर्यंत खाली आणली गेली. बाटलीची पूर्ण किंमत एकदम देऊ न शकणाऱ्या रोजंदारीवरील कुटुंबांपर्यंत त्यामुळे शाम्पू पोहोचला.

ही पद्धत नंतर बहुराष्ट्रीय कंपन्यांसह संपूर्ण उद्योगाने स्वीकारली. तिची किंमतही समाजाला मोजावी लागली. अनेक थरांच्या प्लॅस्टिकच्या या पुड्या गोळा करणे व त्यांचा पुनर्वापर करणे कठीण असल्याने त्या घनकचऱ्याची मोठी समस्या बनल्या आहेत.

कामाची नवी संघटना

मुंबईतील गिरगाव येथे १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती महिलांनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर पापड लाटण्यास प्रारंभ केला. त्यातून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. १९६६ मध्ये तिची संस्था म्हणून नोंदणी झाली व खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली. संस्थापक सदस्यांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री पुरस्कार मिळाला.

लिज्जतचे वेगळेपण वस्तूपेक्षा संघटनेत आहे. पीठ केंद्रावर एकाच प्रमाणात मळले जाते, त्यामुळे चव सर्वत्र सारखी राहते. सदस्य महिला, ज्यांना संस्थेत ‘बहिणी’ म्हटले जाते, पीठ घरी नेऊन पापड लाटतात व दुसऱ्या दिवशी केंद्रावर जमा करतात. तेथे तपासणी होऊन लाटणावळ दिली जाते. मोठा कारखाना बांधण्याचा खर्च यात वाचतो, आणि घराबाहेर नोकरी करणे शक्य नसलेल्या महिलांना उत्पन्न मिळते. सर्व बहिणी संस्थेच्या सहमालक असून नफा-तोटा वाटून घेतात. त्यामुळे हजारो घरांत विखुरलेल्या कामाचा दर्जा राखण्यात प्रत्येकीचा स्वतःचा हितसंबंध असतो.

समूह व स्थानिक वैशिष्ट्य

एकाच व्यवसायातील अनेक लहान उद्योग एका परिसरात एकत्र आले की कुशल कामगार, कच्चा माल व दुरुस्तीच्या सोयी सर्वांनाच स्वस्तात मिळतात, हे आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये दाखवून दिले होते. तिरुप्पूरचा होजिअरी उद्योग, इचलकरंजीचे यंत्रमाग व कोल्हापूरचे ओतकाम उद्योग ही याची उदाहरणे आहेत.

पारंपरिक उत्पादनांना भौगोलिक उपदर्शनाचे, म्हणजे जीआय मानांकनाचे, संरक्षण मिळू शकते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी संयुक्तपणे हे मानांकन मिळाले. तथापि, हे संरक्षण मुख्यतः नावाला असते. त्याच घडणीची चप्पल दुसऱ्या नावाने विकली गेल्यास कारागिरांना मिळणारे संरक्षण मर्यादित राहते. जून २०२५ मध्ये प्रादा या इटालियन कंपनीने मिलानमधील फॅशन प्रदर्शनात कोल्हापुरीसदृश चपला सादर केल्या, तेव्हा हा प्रश्न पुढे आला. टीकेनंतर कंपनीने या चपलांची प्रेरणा भारतीय हस्तकलेतून घेतल्याचे मान्य केले.

मर्यादा व धोके

• अनुकरण : लघुउद्योगाची यशस्वी कल्पना मोठी कंपनी अधिक भांडवल लावून उचलू शकते. सॅशे व स्वस्त पावडर या दोन्हींबाबत तसे घडले. त्यामुळे एकदाच केलेल्या नवोन्मेषावर दीर्घकाळ विसंबून राहता येत नाही.
• खेळते भांडवल : मोठ्या ग्राहक कंपन्यांकडून येणे वेळेवर वसूल न झाल्यास नफ्यात असलेला लघुउद्योगही बंद पडू शकतो. सूक्ष्म व लघु पुरवठादाराला करारानुसार, पण कमाल ४५ दिवसांत पैसे देणे २००६ च्या कायद्याने बंधनकारक केले आहे. लेखी करार नसल्यास ही मुदत १५ दिवसांची असते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. तरीही पुढील काम हातचे जाण्याच्या भीतीने अनेक पुरवठादार तक्रार करत नाहीत. करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून, मुदतीत न दिलेल्या रकमेची आयकरातील वजावट खरेदीदाराला प्रत्यक्ष रक्कम दिल्यानंतरच मिळते.
• एकाच ग्राहकावर अवलंबित्व : एखाद्या मोठ्या कारखान्यालाच सुटे भाग पुरवणारा उद्योग त्या कारखान्यातील मंदीचा थेट बळी ठरतो.
• वाढीचा ताण : मालकाचे वैयक्तिक लक्ष हे लहान उद्योगाचे बलस्थान असते. विस्तारानंतर दर्जा राखण्यासाठी लेखी कार्यपद्धती व जबाबदारीचे वाटप नसेल तर तेच बलस्थान अडथळा बनते.

शासकीय साहाय्य

तारणाशिवाय कर्ज मिळावे म्हणून २००० साली सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी पतहमी निधी न्यास स्थापन झाला. २०१५ मध्ये प्रधानमंत्री मुद्रा योजना सुरू झाली. येणे असलेल्या बिलांवर मुदतीपूर्वी रक्कम मिळवून देणारी ‘ट्रेड्स’ ही इलेक्ट्रॉनिक व्यवस्था रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखाली चालते. जुलै २०२० पासून उद्योगांची नोंदणी ‘उद्यम’ संकेतस्थळावर विनाशुल्क होते. बहुतेक शासकीय योजनांच्या लाभासाठी ही नोंदणी आवश्यक असते.

हे सुद्धा पहा

• उद्योजकता
• भौगोलिक उपदर्शन
• लिज्जत पापड
• सहकार चळवळ