बॅक बे, बी. डी. डी. चाळी आणि नरीमन यांचे प्रश्न

पेशवेकालीन हिशेबाचा एखादा कागद हातीं लागला तर आमचे संग्राहक तो रुमालांत बांधून जपून ठेवितात. पण त्याच संग्राहकांपुढें शंभर वर्षांपूर्वींच्या मुंबई कायदेकौन्सिलाच्या कामकाजाचा छापील ग्रंथ आला तर त्याची गणना बहुधा रद्दींत होते. आमच्या मतें हा भेद योग्य नाहीं. सरकारनें काय ठरविलें हें सरकारी ठरावांवरून कळतें. जें ठरविलें त्याचें पुढें काय झालें हें पुष्कळ वेळां सभासदांच्या प्रश्नांवरून व त्यांस मिळालेल्या उत्तरांवरूनच कळतें. याचें एक ठळक उदाहरण म्हणून खुर्शेद फ्रामजी नरीमन यांनीं मुंबईच्या विकास खात्याविरुद्ध चालविलेल्या झगड्याचा येथें विचार करूं.

पहिलें महायुद्ध संपलें तेव्हां मुंबईंत जागेची टंचाई कळसास पोहोंचली होती. १९२१ च्या खानेसुमारींत शहराची वस्ती सुमारें ११ लक्ष ७६ हजार भरली व तींतील दोन तृतीयांश लोक एकेका खोलींत राहत होते. १९१८ च्या डिसेंबरांत गव्हर्नर होऊन आलेल्या सर जॉर्ज लॉइड यांनीं या दुखण्यावर दोन उपाय एकदम योजिले. पश्चिमेकडील बॅक बेचा समुद्र भरून धनिकांसाठीं व कचेऱ्यांसाठीं जमीन काढावयाची, आणि गिरणी कामगारांसाठीं ५०,००० खोल्या बांधावयाच्या. या दोन्ही कामांकरितां १९२० सालीं स्वतंत्र विकास खातें निघालें. तेंच पुढें लोकांच्या तोंडीं ‘बी. डी. डी.’ झालें. पैसा कर्जाचा, शिवाय घरबांधणीसाठीं शहरांत येणाऱ्या कापसाच्या गांठीमागें एक रुपया जकात बसविली. हें हिशेबाचें अंग वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण भरणीची कथा व चाळींची कथा आजवर वेगवेगळ्या सांगितल्या जातात. वस्तुतः त्या एकाच खात्याच्या कारभाराच्या आहेत.

बॅक बे भरण्याची कल्पना नवीन नव्हती. १८६० नंतरच्या कापसाच्या तेजींत याच कामासाठीं एक कंपनी निघाली व १८६५ च्या मंदींत ती बुडाली. लॉइड यांची योजना १,१४५ एकरांची, आठ भागांत वांटलेली होती. बाहेरून दगडांची भिंत घालावयाची व बंदरांतील गाळ ड्रेजरनें उपसून नळांवाटे आंत सोडावयाचा, अशी रीत. कागदावर ती निर्दोष दिसते. प्रत्यक्षांत ड्रेजर अपेक्षेइतका गाळ देईना, आणि जो येई त्यांतील कांहीं भिंतीच्या फटींतून पुन्हां समुद्रास मिळे. सरकार समुद्रांत पैसा ओततें ही म्हण त्या काळीं अक्षरशः खरी ठरत होती! खर्चाचे व मुदतीचे अंदाज वाढत गेले. इकडे युद्धोत्तर तेजी ओसरून जमिनीचे भाव खालीं आले, म्हणजे जी जमीन विकून कर्ज फेडावयाचें तिला गिऱ्हाईकच उरलें नाहीं. इंग्रजी पत्रांतून या योजनेस ‘लॉइडचें खूळ’ अशा अर्थाचें नांव पडलें.

नरीमन यांचा जन्म १८८३ सालीं ठाण्यास झाला, धंदा वकिलीचा. १९२० नंतरच्या दशकांत ते स्वराज्य पक्षातर्फे कायदेकौन्सिलांत बसले. त्या काळच्या द्विदल राज्यपद्धतींत सभासदाच्या हातीं फार थोडें होतें. गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळांतील सभासदांस काढून टाकण्याचा अधिकार कौन्सिलास नव्हता, व राखीव खात्याची नाकारलेली रक्कम गव्हर्नर आपल्या अधिकारांत पुन्हां घालूं शके. उरलीं साधनें तीनच: प्रश्न, ठराव आणि अंदाजपत्रकावरील भाषण. नरीमन यांनीं हीं साधनें वकिलाच्या चिकाटीनें वापरलीं. ड्रेजरनें किती काम केलें, कंत्राट कोणास व कसें दिलें, देखरेख कोणाची, असल्या रुक्ष बाबींवर त्यांचा भर असे. बाहेर ‘बॉम्बे क्रॉनिकल’ पत्रानें ही चळवळ उचलून धरिली. अखेर १९२६ सालीं सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिती नेमावी लागली.

समितीपुढें नरीमन यांनीं दिलेल्या जबानींतून पुढील प्रकरण उद्भवलें. खात्याचे एक वरिष्ठ इंजिनियर टॉमस हार्वे यांनीं त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली. खटला लांबला व १९२८ सालीं नरीमन निर्दोष सुटले. ‘वीर नरीमन’ हें लोकांनीं दिलेलें नांव याच लढ्याशीं निगडित आहे.

येथें थोडी सावधगिरी अवश्य आहे. नरीमन यांनींच योजना थांबविली असें सर्रास लिहिलें जातें. तें आम्हांस पूर्णपणें मान्य नाहीं. योजना मुख्यतः थांबली ती गाळानें व पडलेल्या बाजारभावानें. चौकशी समितीनेंही बोट ठेविलें तें अंदाजपत्रकांतील व देखरेखींतील चुकांवर. पण नरीमन नसते तर या चुका खात्याच्या दप्तरांतच राहिल्या असत्या व कदाचित् आठही भागांवर पैसा खर्च झाला असता. त्यांचें श्रेय हिशेब चव्हाट्यावर आणण्याचें आहे, आणि तें लहान नव्हे.

अखेरीस १, २, ७ व ८ हे चार भागच पुरे झाले. भरलेली जमीन सुमारें ४४० एकर, व तींतील २३५ एकर लष्कराकडे गेली. या भरणीपायीं रेल्वेसही मागें सरावें लागलें. बी. बी. सी. आय. रेल्वेच्या विजेच्या गाड्या १९२८ च्या जानेवारींत सुरू झाल्या. त्या कुलाब्यापर्यंत जात. परंतु १९३० च्या डिसेंबरांत लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठीं बॉम्बे सेंट्रल स्टेशन उघडलें, आणि वर्ष संपतांच चर्चगेट ते कुलाबा हा लोहमार्ग बंद झाला. दक्षिण टोंकाच्या रहिवाशांची ती सोय कायमची गेली.

आतां चाळींकडे वळूं. ५०,००० खोल्यांच्या संकल्पांतून प्रत्यक्षांत उतरल्या २०७ चाळी: वरळीस १२१, नायगांवास ४२, डिलाइल रोडला ३२ व शिवडीस १२. तळमजल्यावर तीन मजले, मजल्यास वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, नळ व शौचकूप सामाईक. बांधणी सिमेंट-काँक्रीटची. नायगांव व डिलाइल रोड गिरण्यांस लागून असल्यामुळें तेथें बिऱ्हाडें आलीं. वरळी त्या वेळीं आडबाजूस. बाजारहाट व वाहनांची सोय तोकडी. त्यामुळें तेथील पुष्कळ खोल्या कित्येक वर्षें रिकाम्या पडल्या. ज्या शहरांत माणसें जिन्याखालीं झोंपत, तेथें सरकारी खोल्यांस भाडेकरू मिळूं नये, याहून त्या खात्यावर दुसरी टीका कशास पाहिजे? घर बांधणें व त्या घरापर्यंत माणूस पोहोंचविणें हीं दोन कामें निराळीं नव्हेत, हें खात्याच्या ध्यानीं आलें नाहीं. १९३० सालीं कायदेभंगाच्या चळवळींत सरकारनें वरळीच्या रिकाम्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला, व मजुरांसाठीं बांधलेल्या खोल्यांत सत्याग्रही कोंडले. नरीमन यांसही त्या चळवळींत कारावास घडला.

पुढें १९३५ सालीं नरीमन मुंबईचे महापौर झाले. १९३७ सालीं मुख्य मंत्र्याचें पद त्यांच्याऐवजीं बाळासाहेब खेर यांस मिळालें, तो वाद सर्वश्रुत आहे व प्रस्तुत विषयाच्या बाहेरचा आहे. १९४८ सालीं ते वारले. ज्या भरणीविरुद्ध ते झगडले तिचा राहिलेला एक तुकडा स्वातंत्र्योत्तर काळांत भरला गेला आणि त्यास नांव मिळालें नरीमन पॉइंट.

चाळींचा मात्र आतां शेवट जवळ आला आहे. वरळी, नायगांव व डिलाइल रोड येथें म्हाडानें पुनर्बांधणी चालविली असून २०२५ च्या ऑगस्टांत वरळीच्या ५५६ कुटुंबांस ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. बिऱ्हाडें हलतांना जुन्या पेट्या रित्या होतात व कागद कचऱ्यांत जातात, हा आपला नेहमींचा अनुभव. कौन्सिलांतील प्रश्नांची दुसरी बाजू, म्हणजे विकास खात्याच्या भाडेपावत्या, खोलीवांटपाचे हुकूम, रहिवाशांच्या अर्जांच्या नकला, या पेट्यांतच असावयाची. असे कागद कोणा वाचकाच्या पाहण्यांत आल्यास त्यांनीं चाळीचा क्रमांक व सन यांसह मंडळास कळवावें. मूळ कागद मालकाजवळच राहतील, नक्कल मात्र आम्ही करून घेऊं.