वऱ्हाडातील वाचनरीती : पोथीपासून पडद्यापर्यंत

पुस्तक छापील वाचावे की मोबाइलच्या पडद्यावर, हा प्रश्न अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थिवर्गात वारंवार निघतो, आणि तो जणू आजच प्रथम उद्भवला आहे अशा समजुतीने त्याची चर्चा होते. वस्तुतः वाचनाचे साधन पालटण्याचा प्रसंग या प्रांतावर पूर्वीही आलेला आहे. त्या वेळी काय गमावले आणि काय हाती आले, याचा पुरावा अमरावती जिल्ह्यातच, रिद्धपुरास, आहे.

म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लीळाचरित्र सिद्ध केले, ते नागदेवाचार्यांच्या आणि चक्रधरांना प्रत्यक्ष पाहिलेल्या इतरांच्या आठवणी विचारून. पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली आणि ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांच्या स्मरणावरून तो पुन्हा लिहिला गेला, असे पंथीय परंपरा सांगते. आज आढळणाऱ्या अनेक पाठभेदांचे मूळ येथे आहे. त्यानंतर पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. अशी पोथी हाती लागली तरी ती वाचता येईलच असे नव्हते. लिपीची किल्ली गुरूकडे असे. वाचन म्हणजे एकट्याने डोळ्यांनी करावयाची क्रिया, ही आपली कल्पना त्या वाचकास लागू करणे चुकीचे ठरेल. त्याचे वाचन ऐकण्यापासून सुरू होई आणि पाठ करण्यात पूर्ण होई.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. ह. ना. नेने यांनी १९३६-३७ पासून नागपुरास लीळाचरित्र छापावयास घेतले. आणि मलकापूर तालुक्यात जन्मलेले वि. भि. कोलते यांची आवृत्ती १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. ग्रंथ असा सर्वांस खुला झाला, तेव्हा पंथातून आक्षेपही आले. ज्ञान झाकून ठेवण्याचा हट्ट, एवढेच म्हणून ते आक्षेप उडवून देणे योग्य नव्हे. वाचणारा कोण आणि कोणत्या तयारीने वाचतो, हा त्यांतील प्रश्न खराच होता.

मुद्रणाची गोष्ट वऱ्हाडात याआधीच सुरू झाली होती. १८५३ मध्ये प्रांत इंग्रजी अंमलाखाली आला. १८६७ मध्ये लोहमार्ग अकोला व बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचला आणि पुण्या-मुंबईचा छापील मजकूर येणे सोपे झाले. त्या मजकुराने कसला वाचक घडविला, हे पाहावयाचे तर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्याकडे पाहावे. ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे त्यांचे पुस्तक १८८२ मध्ये पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती ५००, किंमत नऊ आणे. वर्तमानपत्रांतील मते, तसेच नाटके व कादंबऱ्या यांच्याशी ही बाई त्यात भांडते. गुरूची अनुज्ञा नाही, श्रोतृमंडळ नाही. एकटीने वाचून रागावलेली अशी वाचक पोथीच्या रीतीतून निर्माण होणे कठीणच होते. मात्र छापले म्हणजे टिकले असेही नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत हे पुस्तक जवळजवळ विस्मृतीतच होते.

आता पडद्याविषयी. डेल्गादो आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००० ते २०१७ या काळातील ५४ संशोधने एकत्र तपासली; वाचकांची एकूण संख्या १ लाख ७१ हजारांवर होती. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो आणि वेळेचे बंधन असल्यास हा फरक वाढतो, कथात्म मजकुरात मात्र तो दिसत नाही, असे त्यांना आढळले. परंतु आमच्याकडील एक मोठा वाचकवर्ग या दोन्ही कोटींत बसत नाही. दासगणूंच्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथाचे २१ अध्याय पुन्हापुन्हा वाचणारा भाविक शेगावच्या गाडीत मोबाइलवर पारायण करतो, तेव्हा त्याचे फारसे काही बिघडत नाही. मजकूर त्यास परिचित असतो, आणि स्थळ त्यास पानाने नव्हे तर अध्याय व ओवीने ठाऊक असते. पृष्ठांक ही मुद्रणाची देणगी. पडद्यावर अक्षर लहानमोठे करताच पान मोडते, ओवी मोडत नाही.

यावरून पडदा पोथीच्या रीतीस जवळचा, असे म्हणण्याचा मोह होतो. पण संशोधकाने तेथे थबकावे. ‘श्रीगजाननविजय’ ही एका कवीची, मुद्रणयुगात रचलेली कृती आहे. लीळाचरित्राचे तसे नाही. नेने आणि कोलते यांच्या आवृत्त्यांत पाठ व लीळांचे क्रमांक सर्वत्र जुळत नाहीत. धारणीसारख्या दूरच्या गावातील विद्यार्थ्यास शासकीय संस्थांची पुस्तके आज विनामूल्य उतरवून घेता येतात, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु हातोहात फिरणाऱ्या पीडीएफ प्रतींचे मुखपृष्ठ व प्रस्तावना बहुधा गळालेली असते, आणि नव्याने टंकलिखित केलेल्या मजकुरावर तो कोणत्या पाठाचा, हे क्वचितच लिहिलेले असते.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने मोबाइलवरील अशाच प्रतीतून एक लीळा क्रमांकासह प्रबंधात घेतली. दोन्ही छापील आवृत्त्या समोर ठेवून आम्ही ती दुपारभर शोधली. एकीत ती निराळ्याच क्रमांकावर निघाली; दुसरीत क्रमांक जुळला, पण प्रबंधातील शेवटचे वाक्य तेथे नव्हते.