उतरायचं कुठं?

‘आई, हॉटेल बघू की घर?’ मुलानं फोनवर विचारलं तेव्हा मी मटार सोलत बसले होते. आमचं ग्वाल्हेर-सोनागिरीला जायचं ठरलं होतं. माणसं सात, त्यात ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई. हॉटेल घेतलं तर तीन खोल्या आणि सकाळचा नाश्ता. घर घेतलं तर महाराज बाड्याजवळ अख्खा मजला, स्वयंपाकघरासकट. पैसे जवळजवळ सारखेच. आमच्या सासूबाई प्रवासात गादी कशी आहे, खिडकीतून काय दिसतं, असलं कधी विचारत नाहीत. पाणी गाळून मिळेल का, आणि दिवस मावळायच्या आत जेवण होईल का, एवढे दोनच प्रश्न. तेव्हा ठरलं ते घरच. मीच ठरवलं, हे आधी कबूल करते.

‘महाराज बाड्यापासून पाच मिनिटं’ असं जाहिरातीत होतं. ती पाच मिनिटं रिक्षाची निघाली. असो. दुसऱ्या दिवशी सकाळी थंडीत शाली गुंडाळून आम्ही बाड्यावर जाऊन उभ्या राहिलो. मधोमध शिंदे महाराजांचा पुतळा, भोवती टाऊन हॉल, पोस्ट, बँक, व्हिक्टोरिया मार्केट, एकीकडे गोरखी. प्रत्येक इमारतीची घडण वेगळी, जणू निरनिराळ्या देशांतून पाहुणे आले आणि एकाच अंगणात उभे राहिले. पाट्या हिंदी, पण वस्त्यांची नावं ऐकली की कान टवकारतात. पाटणकर बाजार, फालका बाजार, शिंदे की छावनी. या भागालाच लश्कर म्हणतात, आणि ते नाव शब्दशः खरं आहे. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला आपल्या फौजेचा तळ दिला. तंबू पडले, तंबूंना बाजार चिकटला, मग तंबूंच्या जागी वाडे आले आणि छावणीचं शहर झालं. म्हणजे ज्या गावात उतरायचं कुठं म्हणून आम्ही चार दिवस डोकं खाजवलं, ते गावच मुळात उतरायची जागा होती!

दौलतरावांची राणी आपल्या कागलची. बायजाबाई, सर्जेराव घाटग्यांची लेक. 1827 मध्ये दौलतराव वारले, त्यांना मुलगा नव्हता. दत्तक घेतलेल्या जनकोजीच्या नावानं बायजाबाईंनी सहा वर्षं राज्य चालवलं, आणि 1833 मध्ये त्यांना ग्वाल्हेर सोडावं लागलं. पुढं आग्रा, फर्रुखाबादचा मुलूख, अलाहाबाद, नंतर नाशिक. त्या काळात फॅनी पार्क्स नावाची एक इंग्रज बाई फत्तेगडजवळ त्यांच्या तळावर जाऊन भेटली. घोड्यावर बसायची इंग्रज बायकांची एकांगी तऱ्हा बरी की मराठी बायकांची, यावर तिथं हसून हसून चर्चा झाली. ते सगळं पार्क्सबाईंनी प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय. मला मात्र त्यातला तळच आठवत राहतो. जिच्या शब्दावर ग्वाल्हेर चालत होतं, ती बाई कापडाच्या घरात राहत होती, आणि तिनं पुढं कुठं राहावं याचा विचार कंपनी सरकार करत होतं. उतारवयात त्या ग्वाल्हेरला परतल्या आणि 1863 मध्ये वारल्या.

याच बायजाबाईंचा मथुरेत मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, अशी बातमी कोकणात पोचली. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे आपल्या काकांबरोबर 1857 साली निघाले आणि थेट बंडाच्या धुमाळीत सापडले. ‘माझा प्रवास’ तुमच्यापैकी कितीतरी जणींनी वाचलं असेल. गोडसे भटजींना हॉटेलही नव्हतं नि भाड्याचं घरही. वाटेत आपला माणूस शोधायचा, त्याच्या ओसरीवर पथारी टाकायची. ओळख हेच भाडं. गाणं शिकायला आलेल्यांचंही तेच. इचलकरंजीकर म्हणून पुढं नाव झालेले बाळकृष्णबुवा ग्वाल्हेरात वासुदेवबुवा जोश्यांकडे शिकले ते गुरूच्या घरी राहून, पडेल ते काम करून. ग्वाल्हेरचं गाणं महाराष्ट्रात आलं त्यात या राहण्याजेवण्याचा वाटा मोठा आहे. गुरुपत्नीनं किती शिष्यांच्या भाकऱ्या थापल्या, ते मात्र कुठल्याही संगीताच्या इतिहासात लिहिलेलं नाही.

ओळख नसेल त्यानं काय करायचं? त्याच्यासाठी सराई आणि धर्मशाळा. अहिल्याबाईंनी देशभर घाट-विहिरींबरोबर धर्मशाळाही बांधल्या, हे आपण शाळेतच शिकलो. इंग्रजांनी 1867 मध्ये सराईंसाठी कायदा केला. सराईची नोंद करायची, आवार स्वच्छ ठेवायचं, तण काढायचं, पहारेकरी ठेवायचा, दरांची यादी सगळ्यांना दिसेल अशी लावायची. आणि मॅजिस्ट्रेटनं मागितलं तर आदल्या दिवशी-रात्री कोण कोण उतरलं, ते कळवायचं. आमच्या घरमालकानं सातही आधार कार्डांचे फोटो मागितले तेव्हा लेक चिडली. मी म्हटलं, बाई, हे दीडशे वर्षांचं जुनं आहे.

साहेबांची गोष्ट वेगळी. 1875-76 मध्ये इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानात आले. त्यांच्या आदरातिथ्यासाठी जयाजीरावांनी त्याआधीच, 1874 मध्ये, जयविलास बांधून घेतला. त्याच्या भोजनगृहात टेबलावर रुळ आहेत, आणि त्यावरून चांदीची छोटी आगगाडी मद्य नि चिरूट घेऊन पाहुण्यांपुढून फिरायची. ती पाहायला आमच्याबरोबर सगळी गर्दी लोटली होती. पाहुण्याच्या पुढ्यात येणारी वस्तू कुणाच्याही हातातून येताना दिसू नये, अशी ती कल्पना! पुढं 1905 च्या युवराजांच्या भेटीसाठी शेजारी आणखी एक पाहुणेघर बांधलं गेलं. तेच आजचं उषा किरण पॅलेस, आता पंचतारांकित हॉटेल. म्हणजे सरकारी पाहुणेघराचं झालं हॉटेल. आणि साध्या माणसाचं राहतं घर फोनवर आलं ते खूप नंतर. 2007 मध्ये सान फ्रान्सिस्कोत एक परिषद भरली होती, हॉटेलं भरलेली, आणि दोन तरुणांना घरभाडं जड झालेलं. त्यांनी हवा भरायच्या गाद्या टाकून तीन पाहुणे ठेवले, सकाळचा नाश्ता दिला. एअरबीएनबी या नावातली ‘एअर’ ती त्या गादीतली. अडचणीतून पाहुणा घरात घ्यायचा आणि त्याचे पैसे घ्यायचे, हे पंढरपूरच्या बडव्या-उत्पातांच्या गल्ल्यांना नवीन नव्हतं. फक्त त्यांच्याकडे फोन नव्हता.

आपल्या समाजानं यातून एक तिसरी वाट काढली होती. मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी वडिलांच्या नावानं सी. पी. टँकला हिराबाग धर्मशाळा उभी केली. मुंबईत शिकायला येणाऱ्या मुलांसाठी बोर्डिंग काढलं, कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमागंही त्यांचा हात. त्यांची कन्या मगनबाई तरुणपणीच विधवा झाल्या आणि त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम चालवला. ज्या बाईला सासर-माहेर दोन्हीकडे फक्त कोपरा मिळायचा, तिला तिथं राहायला जागा, जेवण आणि शिक्षण मिळालं. माझ्या आजीच्या पिढीत मुंबईला डॉक्टरकडे जायचं म्हटलं की ‘हिराबागेत उतरू’ हे ठरलेलं. तिथं हॉटेलाचा संकोच नाही, नातेवाइकाचं ओझं नाही.

पण हे लिहिताना दुसरी एक गोष्ट मनातून हलत नाही. 1917 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीवर आले. शिष्यवृत्तीची बांधीलकी म्हणून आले. हिंदू हॉटेलात त्यांना जागा मिळणार नव्हती, ओळखीच्या घरी मिळेल याची खात्री नव्हती. शेवटी एका पारशी सराईत ते पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी लोक दारात आले आणि त्यांना बाहेर काढलं. शहरभर त्यांना जागा मिळाली नाही. नोकरी सोडून ते मुंबईला परतले. हे त्यांनी स्वतः लिहिलंय. आमच्याकडे धर्मशाळेच्या दारात ‘जैन आहात ना?’ असं विचारतात, आणि आम्ही अभिमानानं हो म्हणतो. त्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणावं लागणाऱ्याच्या जागी उभं राहून मी तो प्रश्न पन्नाशी उलटेपर्यंत ऐकलाच नव्हता.

आता आमच्या त्या घराचं. स्वयंपाकघर फोटोत होतं तसंच होतं, चकचकीत. पहिल्या दिवशी मी आणि जाऊबाई पहाटे उठलो, पाणी गाळलं, उकळलं, सातजणांच्या पोळ्या लाटल्या. गावातली बेडई प्रसिद्ध, पण तिच्याबरोबर येते बटाट्याची भाजी, म्हणून भाजीही आम्हीच केली. तोवर पुरुषमंडळी आणि मुलं किल्ल्यावर जाऊन आली. डूंगरसिंह आणि कीर्तिसिंह तोमरांच्या काळात, पंधराव्या शतकात, तिथल्या कड्यात कोरलेल्या त्या भव्य तीर्थंकर मूर्ती. त्या पाहायला मी इतक्या लांब आले होते, आणि पहिल्यांदा त्या मी दिरांच्या मोबाईलवर पाहिल्या, हाताला कणीक लागलेली असताना. दुपारी आम्ही दोघी गेलो खऱ्या, पण परतायची घाई, कारण साडेपाचला सूर्य टेकतो आणि त्याआधी पानं वाढायची. कड्यापुढं मी जेमतेम वीस मिनिटं होते. हॉटेल घेतलं असतं तर सासूबाईंचे हाल झाले असते, हेही तितकंच खरं. मला कुणी दोष दिला नाही. घर मीच निवडलं होतं ना.

तिसऱ्या दिवशी सोनागिरीला गेलो. टेकडीवर सत्त्याहत्तर मंदिरं, पायथ्याशी धर्मशाळा आणि भोजनशाळा. खोली साधी, चादर जाड, गरम पाणी बादलीनं. भोजनशाळेत आमच्या नेमानं केलेलं जेवण, दिवस असताना, पंगतीत. आयुष्यात पहिल्यांदा यात्रेत सासूबाईंच्या शेजारच्या पाटावर मी त्यांच्याबरोबरच जेवायला बसले. वाढणाऱ्या बाया गावातल्या होत्या. त्यांचं जेवण कधी होतं, विचारलं तर म्हणाल्या, ‘सबके बाद.’

परतताना गाडीत मुलानं पुढच्या वर्षीच्या श्रवणबेळगोळचा विषय काढला आणि पुन्हा तेच विचारलं. मी काही बोलायच्या आत जाऊबाई म्हणाल्या, ‘आधी पोळ्या कोण लाटणार ते ठरवा. मग जागा बघा.’ दीर खिडकीबाहेर बघत होते. सासूबाई गजकाचा डबा उघडत म्हणाल्या, ‘बरोबर आहे तिचं.’