पत्ता तोच, माणसं वेगळी

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातलं विचिटा शहर. तारीख 28 डिसेंबर 2017. तिथल्या एका घरात अँड्र्यू फिंच हा 28 वर्षांचा तरुण होता, दोन मुलांचा बाप. त्याची आई आणि घरातली आणखी माणसंही त्या संध्याकाळी घरीच होती. या घराचा रस्ता आणि क्रमांक तेव्हाच्या बातम्यांत सगळीकडे छापून आला. मी तो इथे देत नाही. त्या पत्त्याचा जो वापर झाला तेवढा पुरे.

14 डिसेंबर, दोन आठवडे आधी

वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाची बैठक बॉम्बच्या धमकीमुळे मध्येच थांबवावी लागली. सभागृह रिकामं करून कुत्र्यांकडून तपासणी झाली. काही सापडलं नाही. धमकी देणारा होता लॉस एंजेलिसचा 25 वर्षांचा टायलर बॅरिस. अशा खोट्या धमक्यांबद्दल त्याने आधी तुरुंगवासही भोगला होता. आता तो फोनवरून हवी ती इमारत रिकामी करून दाखवायचा आणि इंटरनेटवर त्याची फुशारकी मारायचा. कुणाच्या तरी घरी खोट्या खबरीवरून सशस्त्र पोलीस पाठवण्याच्या प्रकाराला तिकडे ‘स्वॅटिंग’ म्हणतात. सांगितलं तर हे काम बॅरिस दुसऱ्यासाठीही करतो, हे गेम खेळणाऱ्या काही पोरांना माहीत होतं.

28 डिसेंबर, फोनच्या आधी

‘कॉल ऑफ ड्यूटी’ हा युद्धाचा ऑनलाइन खेळ. दोन तरुण एकाच बाजूने खेळत होते, एक ओहायोचा, दुसरा विचिटाचा. ते डाव हरले आणि एकमेकांवर खापर फुटलं. पैज होती दीड डॉलरची. तेव्हाच्या भावाने शंभर रुपयेसुद्धा नाहीत.

चिडलेल्या ओहायोवाल्याने बॅरिसला गाठलं आणि विचिटातल्या मुलाच्या दारात पोलीस पाठवायला सांगितलं. पत्ता त्याच्याकडे होता, तो त्या मुलानेच आधी कधीतरी दिलेला. बॅरिस आपल्या मागे लागलाय हे त्या मुलाच्या लक्षात आलं. त्याने माघार घेतली नाही, उलट बॅरिसला डिवचलं, आणि आपण अजून त्याच पत्त्यावर राहतो असं भासवलं. त्याचं कुटुंब पूर्वी त्या घरात राहायचं, पण ते केव्हाच तिथून निघालं होतं. आता तिथे फिंच कुटुंब राहत होतं. या तिघांपैकी एकालाही ते ओळखत नव्हते.

भाड्याचं घर बदललेल्या कुणालाही यातला एक भाग आपल्याकडेही ओळखीचा वाटेल. आधीच्या भाडेकरूच्या नावाने बँकेची पत्रं येत राहतात. थकलेल्या हप्त्यांसाठी वसुलीवाले दार वाजवतात. ‘ते आता इथे राहत नाहीत’ म्हटलं तर दारातला माणूस आपल्याकडेच संशयाने बघतो. कागदावरचा पत्ता माणसाबरोबर सामान बांधून जात नाही. विचिटात हाच मागे राहिलेला पत्ता एका माणसाने जाणूनबुजून पुढे केला, आणि दुसऱ्याने तो पोलिसांच्या हाती दिला.

संध्याकाळचे 6.18

बॅरिस लॉस एंजेलिसमध्ये आहे, तिथे अजून सव्वाचारच वाजलेत. त्याने तिथून 911 हा आणीबाणीचा क्रमांक लावला असता तर फोन लॉस एंजेलिसच्याच नियंत्रण कक्षात गेला असता, कारण 911 जिथून लावाल तिथल्या कक्षाशी जोडला जातो. म्हणून त्याने विचिटाच्या सिटी हॉलला फोन केला. तिथल्या सुरक्षा कर्मचाऱ्यांनी तो पुढे 911 कडे जोडून दिला.

इथे थांबायला हवं, कारण सगळी फसवणूक या एका वळणातून आत शिरली. घरात मुडदा पडलाय, हातात पिस्तूल आहे, असा माणूस सिटी हॉलचा नंबर शोधत बसेल का? स्थानिक माणसाच्या तोंडी 911 च येतो. बाहेरून आलेल्या फोनची ही खूण अगदी समोर होती. पण फोन एका टेबलावरून दुसऱ्यावर जाताना ही खूण मागेच राहिली. पुढच्या माणसाच्या कानावर आला तो फक्त घाबरवणारा मजकूर.

मजकूर असा होता. आईवडिलांचं भांडण झालं, मी वडिलांच्या डोक्यात गोळी घातली, त्यांचा श्वास थांबलाय. आई आणि भावाला बंदुकीच्या धाकावर ठेवलंय. घरात पेट्रोल ओतलंय, पेटवून द्यायचा विचार आहे. नाव सांगितलं रायन. पत्ता सांगितला फिंच कुटुंबाच्या घराचा. घर कसं आहे विचारल्यावर म्हणाला, एकमजली.

ते घर दुमजली होतं.

6.18 ते 6.28

पोलीस घराभोवती पोहोचले. हे विशेष पथक नव्हतं, गस्तीवरचे पोलीस होते. काही जण रस्त्यापलीकडे, एकाच्या हातात रायफल. त्यांच्या डोक्यात तयार चित्र होतं: आत एक खुनी, दोन ओलीस, सगळीकडे पेट्रोल. या दहा मिनिटांत वडील जिवंत आहेत का, या घरात रायन नावाचा कुणी राहतो का, यातलं काहीच पडताळलं गेलं नाही. घराचे मजले तर समोर दिसत होते.

6.28

बाहेर दिवे दिसले म्हणून फिंच काय चाललंय ते बघायला आला आणि त्याने दार उघडलं. वेगवेगळ्या दिशांनी हात वर करण्याच्या आरोळ्या. अंधार, डोळ्यांवर प्रकाशाचे झोत. आपल्या दारात हे कशासाठी चाललंय याची त्याला पुसटशीही कल्पना असणं शक्य नव्हतं. त्याचे हात कमरेकडे गेले असं गोळी झाडणाऱ्या पोलिसाने नंतर सांगितलं. दार उघडल्यापासून सुमारे दहा सेकंदांत गोळी सुटली. फिंचकडे कुठलंही शस्त्र नव्हतं. रुग्णालयात त्याला मृत घोषित करण्यात आलं.

त्यानंतरचा तास

गोळी सुटल्यावरही बॅरिस फोनवर होता, पेट्रोलच्याच गोष्टी करत. इकडे घरातल्यांना बाहेर काढून बेड्या घातल्या. आपल्याला आणि नातीला थंडीत अनवाणी बाहेर आणलं, असं फिंचच्या आईने नंतर पत्रकारांना सांगितलं. मुलगा दारात कोसळलेला, आणि आई संशयित. पत्ता जुळला म्हणून सगळं जुळलं, असं धरून चालणाऱ्या यंत्रणेत हेच होतं.

29 डिसेंबर आणि पुढे

दुसऱ्याच दिवशी बॅरिस लॉस एंजेलिसमध्ये पकडला गेला. मार्च 2019 मध्ये त्याला 20 वर्षांची शिक्षा झाली. ओहायोच्या तरुणाला 15 महिने. गोळी झाडणाऱ्या पोलिसावर गुन्हा दाखल करायला जिल्हा सरकारी वकिलांनी एप्रिल 2018 मध्ये नकार दिला. फिंच कुटुंबाने दावा लावला, आणि 2023 मध्ये शहराने 50 लाख डॉलर देऊन तो मिटवला. कॅन्ससने 2018 मध्येच अशा खोट्या फोनसाठी कडक शिक्षेचा कायदा केला आणि त्याला अँड्र्यू फिंचचं नाव दिलं.

शिक्षा वाढवणं योग्यच. पण शिक्षा गोळी सुटल्यानंतर होते, आणि मला काळजी त्या आधीच्या दहा मिनिटांची वाटते. सिएटलच्या पोलिसांनी 2018 मध्ये एक सोय सुरू केली. आपल्या घरी खोट्या खबरीवरून पोलीस पाठवले जातील अशी भीती असलेल्यांनी आपला पत्ता नोंदवून ठेवायचा. त्या पत्त्याबद्दल फोन आला की नोंद फोन घेणाऱ्यासमोर येते. पोलीस तरीही जातात, पण शक्यता ठाऊक असताना जातात. एफबीआयनेही 2023 मध्ये अशा घटनांची माहिती देशभरातून एकत्र करायला सुरुवात केली.

फिंच कुटुंबाला मात्र अशी नोंद करायचं कारणच नव्हतं. त्यांचं कुणाशी भांडण नव्हतं, तो खेळही त्यांचा नव्हता. अशा घरांसाठी नोंदवही अपुरी आहे. तिथे तपासणी फोन घेणाऱ्या टेबलावरच व्हायला हवी. 911 ला वळसा घालून आलेला फोन तिथेच वेगळा काढायचा, आलेला नंबर उलट लावून बघायचा, आणि ‘खबर संशयास्पद आहे’ हा निरोप रायफल घेऊन उभ्या असलेल्या माणसापर्यंत दार उघडण्याआधी पोहोचवायचा.